तिकडचा सातबारा, इकडचे बेस एकर

फेब्रुवारी म्हणजे आमच्या ऑफिसात शेतकऱ्यांचा महिना. अमेरिकेत बाकी जनतेला टॅक्स भरायची मुदत १५ एप्रिल, पण ज्याचं किमान दोन तृतीयांश उत्पन्न शेतीचं आहे आणि ज्याने वर्षभर आगाऊ टॅक्स भरलेला नाही, त्याने १ मार्चपर्यंत सगळं फाईल करून पैसे भरून टाकले की त्याला दंड लागत नाही. त्यामुळे ही मंडळी फेब्रुवारीत एकदम उगवतात, बुटाच्या खोक्यात वर्षभराच्या पावत्या कोंबून. मी टेक्सासात लबकच्या दक्षिणेला एका अकाउंटंटच्या ऑफिसात काम करतो आणि मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, म्हणजे कापसातून निघून कापसातच येऊन पडलोय. इथे लिन, टेरी, डॉसन अशा काउंट्या, म्हणजे इथले जिल्हे, आहेत, जमीन ताटासारखी सपाट, नजर जाईल तिथपर्यंत पऱ्हाटी आणि मधेमधे जिनिंगचे शेड. लिन काउंटीची अख्खी लोकसंख्या साडेपाच हजारांच्या आसपास, आमच्याकडे एखाद्या मोठ्या गावाची असते तेवढी. ऑक्टोबर ते डिसेंबर शेताच्या कडेला कापसाचे पिवळ्या-गुलाबी प्लास्टिकमधले गोल गठ्ठे पडलेले असतात, आणि एक माणूस यंत्राच्या केबिनमध्ये बसून दिवसभरात एवढं रान उरकतो की आमच्याकडे त्याला बायांची अख्खी टोळी आठवडाभर लागेल.

त्या खोक्यांमधून जिनिंगचा हिशोब निघतो, ट्रॅक्टरच्या हप्त्याचे कागद निघतात, विम्याचं पत्र निघतं, आणि एक फॉर्म हमखास निघतो, १०९९-जी. सरकारने या माणसाला गेल्या वर्षी किती पैसे दिले ते त्यावर छापलेलं असतं. हा आकडा शेतीच्या टॅक्स फॉर्मवर वेगळ्या ओळीत भरावा लागतो, कारण सरकार एका हाताने दिलेल्या पैशावर दुसऱ्या हाताने टॅक्स घेतं. सुरुवातीला मी ते आकडे बघून मनातल्या मनात रुपयांत गुणायचो आणि गप्प बसायचो. आता गुणत नाही, फरक पडत नाही म्हणून नाही, तर त्या आकड्यापेक्षा तो कोणाच्या नावावर आलाय हे बघायची सवय लागली म्हणून. कारण बऱ्याच वेळा ज्या माणसाच्या नखात माती असते त्याच्या फॉर्मवरचा आकडा आणि डॅलसमध्ये राहणाऱ्या, शेतात वर्षानुवर्षं पाय न ठेवलेल्या मालकाच्या फॉर्मवरचा आकडा यांचा कामाशी काही संबंधच नसतो. संबंध असतो तो कागदाशी.

आता हे कसं चालतं ते सांगतो, कारण आपल्याकडे समज असा की अमेरिकेत सरकार शेतकऱ्याला चेक पाठवतं आणि तो मजा करतो. पाठवतं, पण बघा कशावर. इथे प्रत्येक शेताला सरकारी नंबर असतो, विमानातून काढलेल्या फोटोवर पिवळ्या रेघा मारून बांध दाखवलेले असतात, आणि त्या शेताचे 'बेस एकर' ठरलेले असतात. बेस एकर म्हणजे या जमिनीवर कोणे एके काळी कुठलं पीक किती होतं याची नोंद. तिचं मूळ १९८० च्या दशकातल्या पेऱ्यात आहे, मधे २००२ च्या कायद्यात १९९८ ते २००१ च्या पेऱ्यावरून बदलायची संधी दिली, २०१४ ला पुन्हा थोडी हलवाहलव करू दिली. कापसाचा भाव सरकारने ठरवलेल्या पातळीच्या खाली गेला की फरकाचे पैसे मिळतात, पण ते यंदाच्या पेऱ्यावर नाही, बेस एकरवर, तेही त्यातल्या ८५ टक्क्यांवर, आणि उत्पादनसुद्धा तुमचं यंदाचं धरत नाहीत, त्या शेताचं कागदावर गोठवलेलं धरतात. म्हणजे तुमच्या शेतावर कापसाचा बेस असेल आणि यंदा तुम्ही ज्वारी पेरली तरी पैसे कापसाचे. काहीच पेरलं नाही, नुसतं तण मारून ठेवलं तरी कापसाचे. आणि पैसे कधी, तर २०२५ च्या पिकाचे ऑक्टोबर २०२६ नंतर. तोवर बँकेचं व्याज चालू.

जमीन विकली की बेस तिच्याबरोबर जातो, विक्रीच्या जाहिरातीत विहिरी किती, पाणी किती आणि बेस एकर किती हे शेजारी शेजारी लिहिलेलं असतं.

या गोठवलेल्या कागदाने काय काय करून दाखवलं याचा एक नमुना टेक्सासातच घडला, पण भाताच्या पट्ट्यात. २००६ साली वॉशिंग्टन पोस्टने छापलं होतं की ह्यूस्टनजवळ जुन्या भाताच्या जमिनीचे प्लॉट पाडून विकले, तिथे लोकांनी बंगले बांधले, आणि मागच्या अंगणाला भाताचा बेस चिकटलेला असल्याने त्या बंगलेवाल्यांना भातशेतीचे पैसे येत होते. त्यातल्या काहींनी तर ते मागितलेही नव्हते. शेती न करणाऱ्यांना असे १.३ अब्ज डॉलर गेले असा त्या बातमीचा हिशोब होता. ती विशिष्ट योजना, भाव काहीही असो ठरलेली रक्कम देणारी, २०१४ मध्ये बंद झाली. बेस एकर मात्र राहिले.

मी हे एकदा फोनवर काकाजींना सांगितलं. काकाजी म्हणजे माझे धाकटे काका, घरची तीन एकर आणि वर आठ एकर मक्त्याने करतात, वय झालं तरी पेरणी दुसऱ्यावर सोडत नाहीत. ते हसले नाहीत, आश्चर्यही वाटलं नाही त्यांना. म्हणाले, "मंग त्याच्यात नवीन काय हाय बाबू, आपल्याकडं बी तं सातबाऱ्यालेच पैशे भेटते, कास्तकाराले कुठी भेटते."

बरोबर बोलले. पीएम किसान आली फेब्रुवारी २०१९ मध्ये, वर्षाला ६ हजार, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते. आधी पाच एकराच्या आतल्यांना होती, मग निवडणुकीनंतर सगळ्या जमीनधारकांना केली. २०२३ पासून राज्याने नमो शेतकरीचे वरून ६ हजार टाकले, म्हणजे महाराष्ट्रात वर्षाला १२ हजार, दीडशे डॉलरसुद्धा नाही. यात अट काय, तर १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन तुमच्या नावावर पाहिजे. त्यानंतर विकत घेतली असेल तर नाही, वारसाने आली तर चालेल. इकडे टेक्सासात १९८० चं दशक गोठवलं, तिकडे एक तारीख गोठवली. आणि मक्त्याने किंवा बटईने करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. काकाजींच्या तीन एकराचे पैसे त्यांना येतात. आठ एकराचे येतात मालकीणबाईंना, त्या सत्तरीच्या पुढच्या, नागपूरला मुलाकडे राहतात. बाई चांगल्या आहेत, दिवाळीला काकूंना साडी पाठवतात, तो मुद्दाच नाही.

एक गोष्ट मात्र मला आपली जास्त आवडते आणि ती इथल्या लोकांना सांगितली तर त्यांना विचित्र वाटते. आपली रक्कम घराला आहे, एकराला नाही. एका एकरवाल्याला सहा हजार आणि पंधरा एकरवाल्यालाही सहा हजारच. तेलंगणाने २०१८ ला रयतू बंधू काढली ती एकरी होती, आधी हंगामाला ४ हजार, मग ५ हजार, म्हणजे ज्याच्याकडे जितकं जास्त त्याला तितकं जास्त, आणि ज्याच्याकडे काहीच नाही पण दुसऱ्याचं कसतो त्याला शून्य. अमेरिकेची चाल तीच, फक्त शेकडो पटीने. शिवाय आपल्याकडे इन्कम टॅक्स भरला की नाव उडालं, डॉक्टर, इंजिनिअर, वकील उडाले, सीए तर यादीत नाव घेऊन उडवलेत, आणि परदेशात राहणाराही उडाला, म्हणजे मी दोन्हीकडून बाद, माझा धंदाही नडला आणि पत्ताही. इथे उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला ९ लाख डॉलर. त्याच्या वर गेलात की मग सरकार म्हणतं बास. उत्पन्न त्या मर्यादेच्या आत असल्याचं सर्टिफिकेट भरून द्यायचं काम आमच्यासारख्यांकडेच येतं.

पण रकमेवर मर्यादा आहेच की, असं कोणी म्हणेल. आहे. एका माणसाला वर्षाला १ लाख २५ हजार डॉलर होती, २०२५ च्या कायद्याने १ लाख ५५ हजार केली. आता माणूस म्हणजे कोण, इथे खरी गंमत आहे. बायको वेगळी मोजतात. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदार वेगळा. भागीदाराने शेतात घाम गाळलाच पाहिजे असं नाही, 'व्यवस्थापन' केलं तरी चालतं. २०१८ च्या कायद्यात कुटुंबाची व्याख्या वाढवून त्यात चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, पुतणे, भाचे सगळे आत घेतले. मी तो नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसलो, शेजारची बाई विचारायला लागली काय झालं, तिला काय सांगणार की बाई, हे आम्ही सीलिंगच्या वेळी करून बसलोय. जमीन धारणा कायदा आला १९६१ ला, आणि तेव्हापासून विदर्भातल्या मोठ्या वाड्यांत कागदावर जेवढ्या वाटण्या झाल्या तेवढ्या चुलीवर कधीच झाल्या नाहीत. पोरांच्या नावावर, सुनांच्या नावावर, गड्याच्या नावावर. इथल्या मिसिसिपी खोऱ्यात तर अशा कंपन्या-भागीदाऱ्यांच्या रचनेला लोक नावच 'मिसिसिपी ख्रिसमस ट्री' देऊन बसले होते, कारण कागदावर काढली की फांद्यांना फांद्या फुटलेलं झाड दिसायचं.

आमच्या भागात तसं क्वचित, इथे बहुतेक बाप-लेक नाहीतर दोन भाऊ. तर त्यांच्याकडे येऊ.

इथे जमीन कसायचा जुना रिवाज आहे चौथाईचा. कापसाचा पाव हिस्सा मालकाला, पाऊण कसणाऱ्याला, ज्वारी-मका असेल तर मालकाला तिसरा. हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं झालं, बटईच ती. अशा हिश्श्याच्या करारात सरकारी पैसेही त्याच प्रमाणात वाटावे लागतात, पाव मालकाला. रोख भाड्याचा करार असेल तर नियमाप्रमाणे सगळे पैसे कसणाऱ्याचे. ऐकायला किती बरं. आता मालक काय खुळा आहे का, त्यालाही माहीत असतं की या शेतावर किती बेस आहे, आणि भाव पडला तर किती येणार. मग पुढच्या वर्षी भाडं तेवढं वर. कसणारा तरुण असेल, जमिनीसाठी धडपडत असेल, तर तो देतो, कारण तो नाही म्हणाला तर शेजारचा पाच हजार एकरवाला टपलेलाच असतो. सरकारने दिलेला पैसा कसणाऱ्याच्या खात्यावर एक रात्र मुक्काम करतो आणि सकाळी मालकाकडे जातो. अर्थशास्त्रवाले यावर कित्येक वर्षं भांडतायत की नेमके किती टक्के भाड्यात मुरतात. मला टक्के सांगता येणार नाहीत, पण मी भाड्याच्या पावत्या आणि १०९९-जी एकाच खोक्यातून काढतो.

आणि हे आजचं नाही, हे पहिल्या दिवसापासून आहे. अमेरिकेत शेतीला असे पैसे द्यायला सुरुवात झाली १९३३ ला, रूझवेल्टच्या काळात, महामंदीत. कापूस इतका झाला होता आणि भाव इतका मेला होता की सरकारने ठरवलं उभं पीक मोडायचं आणि मोडण्याचे पैसे द्यायचे. १ कोटी एकरांहून जास्त पऱ्हाटी त्या उन्हाळ्यात नांगरून टाकली. त्याची एक हकीकत इथले लोक अजून सांगतात, की खेचरांना जन्मभर शिकवलेलं असायचं की झाडावर पाय द्यायचा नाही, ओळीच्या मधून चालायचं, आणि आता मालक त्यांना झाडावरूनच हाकायला लागला तर ती जागची हलेनात. खेचरांना कळलं नाही, माणसांना बरोबर कळलं. करार झाले जमीनमालकांशी, चेक आले मालकांच्या नावाने. वाट्याने करणाऱ्या लोकांचा, त्यात काळेही आणि गोरेही, हिस्सा कायद्यात होता, पण कितीतरी ठिकाणी तो 'जुन्या उधारीत' वळता झाला. पुढच्या वर्षी कमी एकर लावायचे म्हटल्यावर एवढी माणसं हवीत कशाला, म्हणून हजारो कुटुंबांना घराबाहेर काढलं. त्या पैशात मालकांनी ट्रॅक्टर घेतले. १९३४ ला आर्कान्सामध्ये टायरोन्झा नावाच्या गावी काळ्या आणि गोऱ्या कुळांनी एकत्र येऊन संघटना काढली ती या रागातून. त्या काळात दक्षिणेत काळे-गोरे एकत्र बसणं हीच केवढी मोठी गोष्ट. सुप्रीम कोर्टाने १९३६ ला तो पहिला कायदा पाडला, पण कुळांसाठी नाही, टॅक्सच्या मुद्द्यावर, आणि काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तो दुसऱ्या रूपात परत आणला.

एक चांगली गोष्ट त्या काळात रुजली ती काउंटी कमिटी. प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली तीन ते अकरा जणांची कमिटी असते, घरी मतपत्रिका येते, आणि स्थानिक प्रश्न, अपिलं, कोणाचं पीक गेलं कोणाचं नाही, यात तिला अधिकार असतो. आमच्याकडे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांची जी त्रिमूर्ती करते ते काम. मला या कमिटीचं फार कौतुक वाटायचं, मग वाचलं की दक्षिणेत वर्षानुवर्षं या निवडून आलेल्या कमिट्यांमध्ये काळा माणूस जवळजवळ नसायचाच, आणि काळ्या शेतकऱ्यांच्या कर्जांचे अर्ज खाली दाबले जायचे, त्यावर खटला झाला आणि १९९९ ला सरकारला तडजोड करून पैसे मोजावे लागले. तेव्हा निवडून आलेल्या समितीला नुसतंच डोक्यावर घ्यायचं कारण नाही, आपल्या सेवा सोसायट्यांनी आपल्याला हे आधीच शिकवलंय.

काउंटीची हद्द इथे किती महत्त्वाची ते ट्रम्पच्या पहिल्या ट्रेड वॉरमध्ये दिसलं. चीनने सोयाबीन घेणं थांबवलं, मग २०१८ ला सरकारने भरपाई दिली, सोयाबीनला बुशेलमागे (बुशेल म्हणजे धान्याचं इथलं माप) १ डॉलर ६५ सेंट, आणि मक्याला बुशेलमागे फक्त १ सेंट. मक्यावाले इतके चिडले की विचारू नका. मग २०१९ ला पद्धत बदलली, पिकाप्रमाणे दर काढलाच नाही, प्रत्येक काउंटीला एक दर, एकरी १५ डॉलरपासून १५० डॉलरपर्यंत. रस्त्याच्या या बाजूला एक काउंटी, त्या बाजूला दुसरी, माती तीच, पीक तेच, गारपीट तीच, आणि पैसे वेगळे. आपल्याकडे आणेवारीवरून तालुक्या-तालुक्यात जी जुंपते ती आठवली. यंदा पुन्हा तसंच आहे, टॅरिफ आणि पडलेले भाव म्हणून डिसेंबर २०२५ ला १२ अब्ज डॉलर जाहीर झाले, कापसाला एकरी ११७ डॉलर. मात्र हे पैसे २०२५ ला प्रत्यक्ष पेरलेल्या एकरांवर आहेत, बेसवर नाहीत. सरकारला हवं तेव्हा पेरणारा सापडतो, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

आता कोणाला वाटेल की हा यवतमाळचा माणूस अमेरिकन शेतकऱ्यावर जळतोय. नाही हो. २०२२ ला इथे दुष्काळ पडला, टेक्सासात पेरलेल्या कापसापैकी निम्म्याहून कितीतरी जास्त वेचायच्या लायकीचाच उरला नाही. मार्च-एप्रिलमध्ये वारा सुटला की माती उठते, दुपारी हायवेवर दिवे लावून गाडी चालवावी लागते, आणि हे लोक रात्री-बेरात्री ट्रॅक्टरला 'सँड फायटर' लावून शेत खरवडत फिरतात, नाहीतर उडणारी वाळू कोवळं रोप कापून काढते. जूनमध्ये गारा. जमिनीखालच्या ओगलाला नावाच्या भूजलसाठ्याचं पाणी वर्षागणिक खाली. विमा नसता तर इथली निम्मी घरं कधीच रिकामी झाली असती, आणि विम्याच्या हप्त्यातले सरासरी साठेक टक्के सरकार भरतं. विम्याचा माणूस येऊन रोपं मोजतो, जेवढी पेरली त्यातली जगली किती याचं गणित करतो, आणि शेतकरी टोपी मागे सारून बाजूला उभा असतो, त्याचं तोंड मी बघितलंय, ते तोंड मला ओळखीचं आहे. इथे भाव खर्चाच्या खाली आहे आणि ट्रॅक्टर घराच्या किमतीचा आहे. सरकारी पैसे नसतील तर बँक पीककर्ज देत नाही. भीक मागतोय असं त्याला वाटत नाही आणि गावातही कोणी तसं बोलत नाही, हे मला मनापासून आवडतं. आपल्याकडे दोन हजार खात्यात पडले की वर्षभर होर्डिंगवर आभार.

पण माझी खरी तक्रार या माणसाशी नाहीच. तक्रार अशी की इथला पैसा इथेच थांबत नाही. १९९९ नंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेने आपल्या कापसावर १२-१३ अब्ज डॉलर ओतले. ऑक्टोबर २००१ च्या आसपास जागतिक बाजारात रुई पौंडाला ४० सेंटच्याही खाली गेली. इथला शेतकरी पेरतच राहिला, कारण त्याचा भाव सरकार भरून देत होतं. नेमकी तीच वर्षं आमच्याकडे काय होती ते सांगायला नको, एकाधिकार खरेदी शेवटचे आचके देत होती, चुकारे अडकले होते, आणि पेपरात रोज एक बातमी. सगळा दोष टेक्सासवर टाकणं खोटं ठरेल, आमचं कर्ज, सावकार, बियाणं, पाऊस, सरकार हे सगळं होतंच. पण भाव कुठे पाडला गेला याचं उत्तर फक्त यवतमाळच्या मार्केट यार्डात सापडणार नव्हतं.

भांडला कोण, तर ब्राझील. २००२ ला जागतिक व्यापार संघटनेत केस टाकली आणि जिंकली. मग अमेरिकेने काय केलं, सबसिडी बंद करण्याऐवजी २०१० पासून ब्राझीलच्या कापूस शेतकऱ्यांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. म्हणजे आपल्या शेतकऱ्याला देता यावं म्हणून दुसऱ्याच्याही शेतकऱ्याला द्यायचं! २०१४ ला ३० कोटी डॉलर देऊन केस मिटवली, कापसाला मुख्य योजनेतून बाहेर काढलं, आणि चार वर्षांत 'सीड कॉटन' म्हणजे सरकीसकट कापूस या नावाने परत आत घेतलं. आधारभूत पातळी पौंडाला ३६.७ सेंट ठरवली होती, ती आता ४२ केली आहे. भारत त्या केसमध्ये तक्रारदार नव्हता, नुसता तिसरा पक्ष म्हणून बसला होता. शरद जोशी तेव्हाही सांगत होते की भारतातल्या शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी, म्हणजे खताचं-विजेचं दिलेलं सगळं धरूनही, भाव पाडून सरकार त्याच्याकडून जास्त काढून घेतं. त्यांच्या खुल्या बाजाराच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही, पण हे गणित त्यांनी सरकारच्याच कागदावरून दाखवलं होतं. आणि ऑगस्ट २०२५ ला आपल्या सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबर अखेरपर्यंत. नेमका आमचा कापूस घरात यायच्या टायमाला. मी ज्यांचे टॅक्स भरतो त्यांच्या रुईला मोकळी वाट, आणि काकाजींच्या कापसाला खेडा खरेदीवाला हमीभावापेक्षा खाली मागणार. दोन्ही टोकांना माझी माणसं आहेत, सांगा कोणाकडून बोलू.

परत मक्त्यावर येतो, कारण ते राहिलं. काकाजींना मी म्हटलं होतं की कागद का करत नाही, मालकीणबाईंशी साधा भाडेकरार करा. ते म्हणाले, "लिवून देईन का कोनी? कूळ लागन ना." आणि हे भय खोटंही नाही. विदर्भाचा कूळ कायदा १९५८ चा, हेतू सोन्यासारखा, कसेल त्याची जमीन. ज्यांना तेव्हा मिळाली त्यांचं भलं झालं. पण तेव्हापासून मालक कसणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर येऊ देत नाही, सगळा मक्ता तोंडी, पाडव्याला ठरवायचा, पैसे आधी हातात. कसणाऱ्याला वाचवणाऱ्या कायद्यानेच कसणारा कागदावरून गायब झाला. मग पीककर्ज नाही, हमीभावाच्या खरेदीला नोंदणी सातबाऱ्यावर, ई-पीक पाहणी मालकाच्या खात्यावर, आता फार्मर आयडी आला तोही मालकाचा. आंध्रने २०१९ ला पीक कसणाऱ्यांसाठी अकरा महिन्यांचं कार्ड काढलं, जमिनीच्या हक्काला धक्का न लावता, पण त्यावर मालकाची सही लागते आणि मालक सही करायला कचरतो. ओडिशाच्या कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन दोघेही धरले होते. म्हणजे जमत नाही असं नाही. अमेरिकेत निदान करार लेखी असतो, कसणाऱ्याचं नाव सरकारी फाईलला असतं, पैसा भाड्यातून मुरला तरी तो मुरलेला मला दिसतो तरी. आमच्याकडे तो माणूसच फाईलला नाही. २००८ ची कर्जमाफी आठवा, पाच एकराच्या आतल्यांना पूर्ण, वरच्यांना चौथाई सूट. कोरडवाहू विदर्भात सात-आठ एकरवाला ओलिताच्या भागातल्या दोन एकरवाल्यापेक्षा गरीब, तो त्या रेघेने मोठा शेतकरी ठरला. आणि मक्तेदार कुठल्याच रेघेच्या आत नव्हता, कारण बँकेत त्याचं कर्जच नव्हतं, होतं ते सावकाराकडे.

इथे २०२५ च्या कायद्याने ३ कोटी एकरांपर्यंत नवे बेस देणार आहेत, ज्या जमिनीवर पीक आहे पण बेस नाही अशांना. आमच्या ऑफिसात दोन शेतकरी त्याच्या चौकशीला आले, दोघेही भाड्याने करतात. मी त्यांना सांगितलं की बेस लागेल जमिनीला, तेव्हा पुढच्या कराराचं भाडं आत्ताच पाच वर्षांचं लिहून घ्या. एकाने मान हलवली. दुसरा म्हणाला, मालकाच्या मुलीने आधीच फोन केला होता, बेस किती मिळेल म्हणून.

गावाकडे यंदा अतिवृष्टीने कापूस काळा पडला. सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. काकाजींच्या तीन एकराचे पैसे त्यांना आले, आठ एकराचे नागपूरला गेले. बाईंनी स्वतःहून त्यातले निम्मे द्यायचं कबूल केलंय, मुलगा म्हणतो पाडव्याच्या मक्त्यातून वळते करू, आणि तोच मुलगा यंदा एकरी हजार वाढवून मागतोय. काकाजींना मी विचारलं मग काय करणार. "कराच लागते," म्हणाले, "बैलं का विकू?"